शेंडा समाईक

शेळी पोकळ्याच्या भाजीत शिरली ती नेमकी जावळाच्या पंगतीच्या वेळी. एरवी अख्खा दिवस तिला मोकळा होता. पण या घरातली माणसं ज्या दिवशी चार चांगली तोंडं करून एकत्र बसतात, त्याच दिवशी काहीतरी विस्कटायचं, हे आमच्याकडचं जुनं खूळ आहे. त्याला बिचारी शेळी तरी काय करणार!

आदल्या दिवशी सगळे एस.टी.नं तुळजापूरला जाऊन आले होते. विष्णुपंतांची एकुलती एक लेक सरोजिनी, तिच्या बाळाचं जावळ देवीसमोर काढलं. जावळ काढताना बाळ मामाच्या मांडीवर बसायला हवं, आणि सरोजिनीला सख्खा भाऊ नाही. तेव्हा चुलतभाऊ गोपाळकृष्ण मामा झाला. वस्तरा लागेपर्यंत बाळ खिदळत होतं, लागल्यावर त्यानं मामाचं धोतर भिजवलं, आणि सगळ्यांनी शुभशकुन म्हणून टाळ्या पिटल्या. येताना नळदुर्गपर्यंत विष्णुपंत आणि त्यांचे धाकटे भाऊ नारायणराव एका बाकावर बसले होते. बोलले नाहीत, पण बसले होते. प्रेमलाबाईंनी, म्हणजे विष्णुपंतांच्या बायकोनं, तेवढ्यावरच देवीला मनातल्या मनात हात जोडले.

आणि आज मुरूम गावात, घरी, पुरणाची पंगत बसलेली. विष्णुपंतांच्या शेजारी नारायणराव, मग त्यांचा मुलगा गोपाळकृष्ण, टोकाला महांतप्पा गवंडी. महांतप्पाला का बोलावलं होतं ते अंगणात आठ दिवस पडलेल्या दगडांच्या ढिगावरून सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी विचारत नव्हतं.

तेवढ्यात घंटी वाजली. नारायणरावांची शेळी त्यांच्या अंगणातून मेंदीच्या कुंपणाशी आली, खाली वाकली, आणि आपल्याच घरात शिरावं तशी मेंदीच्या बुंध्यांमधून इकडं आली. नारायणराव खादीवाले मास्तर, शेळीचंच दूध पिणारे. त्यामुळं शेळीचा रुबाबही मोठा. तिनं पंगतीकडं एकवार पाहिलं आणि विष्णुपंतांनी रोज स्वतः पाणी घालून वाढवलेल्या पोकळ्याच्या वाफ्यात तोंड घातलं.

"नारायण, तुझी शेळी," विष्णुपंत म्हणाले.

"बघतोय, दादा."

"बघ नुसतं. दोन वर्षं बघतोच आहेस."

"मेंदी तुमच्या बाजूनंही विरळच आहे, दादा. शेळी एका बाजूनं शिरते तेव्हाच दुसऱ्या बाजूनं निघते."

विष्णुपंत उष्ट्या हातानं उठले. तीस वर्षं निजामाच्या तहसिलीत पेशकारी केलेला माणूस. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती, नुसता हुकूम सोडायची होती.

"महांतप्पा, उद्या सकाळी पाया धर."

महांतप्पाच्या तोंडात अर्धी पोळी होती. ती त्यानं घाईनं गिळली. "धरतो की, पंत. पर मेंदी उपटाय लागंल. पाया तिच्याच जागंवर येतो."

"उपट."

"उपटाच," नारायणरावही म्हणाले. "दादांना भिंत हवी असेल तर दगड उचलायला मी येईन. नाही कुणी म्हटलंय?"

दोघांचे कान लालबुंद झाले होते. रागात दोघांचे कान सारखेच लाल होतात, हे गोपाळकृष्णाच्या लक्षात आलं आणि त्याला हसू आवरेना. त्यानं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

स्वयंपाकघरात प्रेमलाबाईंच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली.

दोन वर्षांपूर्वी वाटणी झाली तेव्हा याच भिंतीची गोष्ट निघाली होती. तेव्हा त्यांनीच म्हटलं होतं, अहो, दगड कशाला, मेंदी लावू. हद्दीची हद्द होईल आणि पोरीबाळींच्या हाताला रंगही. मृगात दोघी जावांनी पदर खोचून काड्या टोचल्या होत्या, एक इकडून, एक तिकडून. त्या दिवसापासून रोज दुपारी दोघी आपापल्या बाजूला पाट टाकून बसायच्या. मधे मेंदी, आणि मेंदीतून गप्पा. कुणी शेंगा सोलतंय, कुणी वाती वळतंय. मीठ संपलं तर वाटी खालून सरकवायची. मेंदी बुडाशी उघडी पडली याचं दुःख सगळ्या घराला होतं, प्रेमलाबाईंना तेवढं नव्हतं.

आता उद्या भिंत. परवा सरोजिनी सासरी जाणार. मग एवढ्या घरात आपण आणि हे. आणि हे दिवसातून बोलणार सहा वाक्यं, त्यातली चार चहाबद्दल. प्रेमलाबाईंच्या डोळ्यात टचकन पाणी आलं.

धाकटी जाऊ शारदा पुढची पोळी तव्यावर उलटत होती. प्रेमलाबाई तिच्या जवळ गेल्या.

"शारदा, ऐकलंस का?"

"ऐकलं."

"अगं मग भावजींना सांग की काहीतरी. भिंत झाली तर तुझं तोंड बघायला मला रस्त्यानं वळसा घालून यावं लागेल."

"बांधू द्या की भिंत, वहिनी." शारदेनं पोळी ताटात टाकली. "शेळीचा वास तरी येणार नाही तुमच्या घराला."

हे कुठलं, ते प्रेमलाबाईंना बरोबर कळलं. दोन महिन्यांपूर्वी विष्णुपंत मेंदीवरून ओरडले होते, शेळ्या पाळायच्या तर गवळ्याच्या दारात जाऊन राहावं म्हणून. तेव्हा प्रेमलाबाई अंगणातच, तुळशीपाशी उभ्या होत्या.

"तुम्ही ऐकत होतात," शारदा म्हणाली. "एक शब्द बोलला नाहीत. दादांचं मला काही वाटलं नाही, ते तसेच आहेत. तुमचं वाटलं."

"भ्याले मी."

"कुणाला?"

"यांना. पस्तीस वर्षं झाली, अजून भिते. सवय झालीय, मेली जातच नाही." प्रेमलाबाईंनी नाक पुसलं. "चुकलं माझं, शारदा. तेव्हाच बोलायला हवं होतं."

शारदेला रागवायचं होतं अजून. पण मोठी जाऊ हातात तुपाची वाटी घेऊन अशी उभी, की तूप धारेनं जमिनीवर. "अहो वहिनी, वाटी सरळ धरा आधी," ती म्हणाली आणि हसूच लागली. मग दोघीही हसल्या, तोंडावर पदर धरून, कारण बाहेर पंगत होती.

"पण आता बोलणार का?" शारदेनं विचारलं.

"बघते," प्रेमलाबाई म्हणाल्या. त्यांचा त्यांनाच भरवसा नव्हता.

ओसरीवर वलीचाचा पुरणाची वाटी संपवत बसले होते. उमरग्याच्या सरकारी बंगल्याची बाग त्यांनी अठ्ठावीस वर्षं राखली. साहेब बदलले, राज्य बदललं, झेंडा बदलला, बाग तीच राहिली. विष्णुपंतांची जुनी ओळख. त्यांच्या बायकोनं, शरिफाबीनं, बाळासाठी शिवलेली टोपी घेऊन ते आले होते, आणि ती टोपी आता बाळाच्या तुळतुळीत डोक्यावरून पुनःपुन्हा घसरत होती.

"चाचा, झाड उपटून टाकलं तर पुन्हा जगतं का हो?" सरोजिनीनं विचारलं. तिचे डोळे भरलेले होते आणि आवाज मात्र भांडायला निघालेल्या बाईचा.

"कोणतं झाड, बेटी?"

"या, दाखवते."

म्हातारा काठी टेकत कुंपणापाशी आला. मेंदी पुरुषभर उंच झाली होती. वर फांद्यांचा झुपका, आणि खाली उदबत्त्या खोचून ठेवाव्यात तसे नुसते बुंधे. वलीचाचांनी इकडून पाहिलं. वाकून तिकडून पाहिलं. बुंध्याला नख लावून पाहिलं.

"या अल्ला! ये किसने करा?"

"अण्णा इकडून, काका तिकडून. दर रविवारी सकाळी आठला. सुतळी लावून कापतात दोघं. एक पान हद्दीबाहेर ठेवत नाहीत."

"हौ, ते दिसतंय. दोन्ही गाल तासलेत. और डोकं?"

"डोक्याला कुणी हात लावत नाही. ते समाईक आहे."

"काय आहे?"

सरोजिनीला तो कागद पाठ होता. वडिलांनी वाटणीपत्र लिहिलं तेव्हा शाई टिपायला तीच बसली होती. "मेंदीची पूर्वेकडील बाजू ज्येष्ठाची, पश्चिमेकडील कनिष्ठाची. शेंडा समाईक. समाईक वस्तूस एकट्याने हत्यार लावू नये."

वलीचाचा मेंदीपाशीच मटकन खाली बसले. सरोजिनी घाबरली, तिला वाटलं म्हातारा पडला. पण ते हसत होते, इतके की त्यांना ठसका लागला.

"अठ्ठावीस साल बाग केली मी," ते म्हणाले. "गुरांनी खाल्लेली मेंदी पाहिली, वाळवीनं खाल्लेली पाहिली. कागदानं खाल्लेली पहिल्यांदा बघतो! बोलाव, दोघांना बोलाव."

हात धुऊन दोघं भाऊ आले, दोन बाजूंनी. एकानं इकडच्या अंगणातून यायचं, दुसऱ्यानं रस्त्यानं फिरून स्वतःच्या अंगणात जायचं आणि तिकडून मेंदीला यायचं, अशी ती पद्धत. मागोमाग गोपाळकृष्ण, महांतप्पा, आणि दारात दोघी जावा.

"पंत," वलीचाचा म्हणाले, "तुमच्या नातवाचं जावळ कायकू काढलं?"

"रीत आहे."

"रीत आहे, और मागून केस दाट येतात. येतात ना? मग याचं का नाही काढलं? झाडाचा जोर सगळा शेंड्यात. शेंडा राहू दिला की ते वरच पळतं, खालचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, झोपलेले राहतात. शेंडा उडवला की झाड चिडतं, और एकाच्या जागी दोन धुमारे काढतं. ते वीतभर झाले, पुन्हा उडवा. दोनाचे चार. तुम्ही काय केलं? बाजू तासत बसलात, और डोकं ठेवलं. खालच्या पानाला ऊनच नाही. पान राहणार कसं?"

"म्हणजे वरून थोडं..." नारायणराव पलीकडून म्हणाले.

"थोडं नक्को." चाचांनी काठी आपल्या गुडघ्याला लावली. "इथपर्यंत. एकदम."

"गुडघ्यापर्यंत?" विष्णुपंत जवळजवळ ओरडले. "दोन वर्षांची वाढ! आणि तोपर्यंत शेळी?"

"शेळीला दावं लावा. दिवाळीपर्यंत बुडापासून असं भरेल की कोंबडी शिरणार नाही. फक्त तळ रुंद, माथा अरुंद ठेवायचा. और कमरेच्या वर कधी जाऊ द्यायची नाही."

"दिवाळीपर्यंत वाट कोण बघतं? महांतप्पा उद्या..."

"अहो," प्रेमलाबाई म्हणाल्या.

दारातून पुढं केव्हा आल्या ते त्यांनाही कळलं नाही. गवंड्यासमोर, पुतण्यासमोर, परक्या माणसासमोर नवऱ्याचं बोलणं तोडायची पस्तीस वर्षांतली ही पहिली वेळ.

"भिंत बांधायची नाही," प्रेमलाबाई म्हणाल्या. "मला शारदेशी बोलायला लागतं. रोज लागतं. तुम्हाला नाही लागत कुणाशी, मला लागतं. आणि सरूला भाऊ एकच आहे, तो त्या बाजूला राहतो. भिंत बांधलीत तर पुढच्या खेपेला बाळ मामाकडं रस्त्यानं फिरून जाईल का? मी जेवणार नाही उद्यापासून."

"अगं, कागद..."

"कागदात एकट्यानं हत्यार लावू नये म्हटलंय. दोघांनी मिळून लावा की. दोन वर्षांत एकदा तरी बोललात का एकमेकांशी, की चला, शेंडा छाटू?"

शारदेनं येऊन मागून त्यांचा दंड धरला.

विष्णुपंत मेंदीकडं बघत राहिले. नोकरीत त्यांनी समाईक विहिरींवरून डोकी फुटलेली पाहिली होती, समाईक आंब्यावरून सख्खे भाऊ कोर्टात उभे राहिलेले. म्हणून तर ते कलम इतकं जपून घातलं होतं. आपल्यात तसं होऊ नये. आणि झालं काय! पहिल्या वर्षी मेंदी कमरेएवढी होती तेव्हा रविवारी आठला नारायण समोर दिसायचा, कापता कापता शाळेतलं काहीबाही सांगायचा. मेंदी वाढली आणि तो दिसेनासा झाला. मग पलीकडून नुसती कात्री ऐकू यायची.

"मी मोठा," विष्णुपंत शेवटी म्हणाले. "मी कसं म्हणायचं? त्यानं म्हणायला हवं होतं."

मेंदीपलीकडं नारायणराव खाकरले. गेलं वर्षभर त्यांचं हेच चाललं होतं. रविवारी आलो हे दादांना कळावं म्हणून खाकरायचं, तिकडून दादा खाकरायचे, आणि मग दोघं कात्री चालवायचे. वर्गात चाळीस पोरांना अस्खलित व्याकरण सांगणारा हा माणूस दादांपुढं आला की दहा वर्षांचा होई.

"मी लहान, दादा," ते म्हणाले. "तुमच्याआधी मी शेंड्याला हात कसा लावायचा? मला वाटलं तुम्हाला उंचच हवीय. आमचं घर दिसू नये म्हणून."

"मूर्ख आहेस."

"व्हय," नारायणराव म्हणाले. मास्तरांच्या तोंडून 'व्हय' कधी आलं नव्हतं.

"मग आता?" विष्णुपंतांनी विचारलं. "छाटायचा का शेंडा?"

"छाटू, दादा."

महांतप्पानं कमरेचा कोयता काढून पुढं केला. "घ्या. दगड फोडायच्या आधी मेंदी तोडाय लागंल म्हणून आणलाच हुता."

मग विष्णुपंतांनी पहिला झुपका मुठीत धरला. हात उंच करून धरायला लागला. नारायणरावांनी पलीकडून कोयता घेऊन, चाचांनी दाखवलं तसा, गुडघ्याच्या उंचीवर तिरपा घाव घातला. फांदी आडवी झाली. तेवढ्या जागेत नारायणरावांचा खादीचा सदरा दिसला.

"मामा कोण झालं म्हणायचं?" सरोजिनी बाळाला कडेवर घेऊन म्हणाली. "अण्णांनी मांडीवर घेतलंय, काका न्हावी."

"न्हाव्याला बिदागी लागते," गोपाळकृष्ण म्हणाला.

"तुला उद्या शेळीचं दावं वळायला बसवतो, ती बिदागी," विष्णुपंत म्हणाले, आणि सगळे खो खो हसले. त्यांनी विनोद केला याच्यावर विश्वास बसायला थोडा वेळ लागला, म्हणून पुन्हा हसले.

ऊन उतरेपर्यंत सगळी रांग झाली. शारदा आणि प्रेमलाबाईंनी पानं ओरबाडून सुपं भरली. सरोजिनीच्या, शारदेच्या, प्रेमलाबाईंच्या हातांवर, अगदी शरिफाबीसाठी चाचांच्या पिशवीत, जिथं तिथं मेंदी. चाचांनी बुंध्यांची माती खुरप्यानं हलवून घेतली, नारायणरावांच्या गोठ्यातलं लेंडीखत दोन्ही बाजूंनी टाकवलं. ज्या शेळीनं पोकळा खाल्ला तिचंच खत, म्हणून विष्णुपंतांनी ते मोजून टाकलं. दोन अंगणांच्या मधे आता नुसते बोटाएवढ्या जाडीचे, गुडघाभर खुंट उरले. ते बघून प्रेमलाबाईंना एक क्षण कसंतरीच झालं. आपण लावलेल्या काड्या, पहिल्या दिवशी दिसत होत्या तशाच पुन्हा.

"मरणार नाही ना हो, चाचा?"

"मेंदी आहे, भाभी. तिला कापल्याशिवाय तिचं मन लागत नाही."

संध्याकाळी विष्णुपंतांनी पेटीतून वाटणीपत्र काढलं, टाक झटकला, आणि कलमाखाली आपल्या दफ्तरी अक्षरात आणखी एक ओळ लिहिली: 'शेंडा दर वीतभर वाढीस दोघांनी मिळून छाटावा. उंची कमरेवर नसावी.' खाली सही केली. मग कागद घेऊन अंगणात गेले, खुंटांवरून हात लांब करून तो भावापुढं धरला. नारायणरावांनी ओळ दोनदा वाचली. मास्तरच ते. मग सही केली.

दगडांचं काय करायचं म्हणून महांतप्पा दुसऱ्या दिवशी विचारायला आला. त्याला मेंदीच्या टोकाला ओटा बांधायला लावला, अर्धा इकडं, अर्धा तिकडं.

सरोजिनी सासरी गेली. तिच्या हातावरचा रंग फिका झाला असेल नसेल, तिसरा रविवार आला. खुंटाखुंटावर तांबूस-हिरवे धुमारे फुटले होते. कुठं दोन, कुठं तीन, आणि काही तर अगदी मातीजवळून. वीतभर अजून झाले नव्हते. म्हणजे छाटायला काहीच नव्हतं. तरी आठला दोघं भाऊ कात्र्या घेऊन आले.

विष्णुपंत सवयीनं खाकरले.

"दिसतोय मी, दादा," नारायणराव म्हणाले.

दोघं ओट्यावर बसले, आपापल्या अर्ध्यावर. धुमारे मोजले. एका खुंटाला चार आले होते, त्यावरून बरंच बोलणं झालं. मग शाळेतलं निघालं, मग तहसिलीतलं, मग वडील असताना दोघांनी विहिरीत पाडलेली घागर निघाली. दावणीला शेळी कंटाळून ओरडत होती.

नऊ वाजून गेले तेव्हा विष्णुपंतांना आठवलं, आज अजून चहा झाला नाही. ते घराकडं वळून मोठ्यानं म्हणाले, "अगं, चहा!"

घरातून उत्तर आलं नाही. आलं ते उलट्या बाजूनं, शारदेच्या स्वयंपाकघरातून, स्टोव्हच्या आवाजातून.

"इकडंच ठेवलाय," प्रेमलाबाई म्हणाल्या. "या इकडं. वळसा घालू नका, मेंदी गुडघ्याएवढीच आहे."

विष्णुपंतांनी एकदा रस्त्याकडं पाहिलं, एकदा मेंदीकडं. मग धोतराचा सोगा वर धरला, कोवळ्या धुमाऱ्यांना धक्का लागणार नाही असा पाय उचलला, आणि भावाच्या खांद्याचा आधार घेऊन पलीकडं गेले.